साडेचौदा इंचांचं माप

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आपल्या कारखान्याचे मोठे साहेब. त्यांच्या उजव्या हाताला बसलेले जाहिरात विभागाचे प्रमुख. डाव्या हाताला बसलेले, पुष्पगुच्छ स्वीकारून तो लगेच खुर्चीखाली ठेवून मोकळे झालेले आजचे सत्कारमूर्ती, आपले मास्तर. पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या पत्नी, आम्हा सगळ्यांच्या काकू. नळी, दस्ता, जुळणी, पॉलिश, भांडार आणि पॅकिंग या विभागांतले माझे सहकारी. त्यांची घरची मंडळी. आणि दाराशी उभं राहून चहाची किटली कुठवर आली ते बघणारे सज्जनहो, सर्वांना माझा नमस्कार.

मला बोलायला पाच मिनिटं दिली आहेत. मास्तरांबद्दल पाच मिनिटांत बोलणं तसं अवघड नाही. एकोणीस वर्षं मी तपासणीच्या खोलीत त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसते आहे, आणि एवढ्या काळात ते माझ्याशी एकूण तेवढंच बोलले असतील. पण मी जरा जास्त वेळ घेणार आहे. अध्यक्षांनी घड्याळाकडे बघितलेलं मला दिसलं. साहेब, मीही बघते आहे. चार वाजून दहा मिनिटं झाली आहेत आणि पाचला भोंगा वाजेल. माझं आजचं काम त्या भोंग्याच्या आत व्हायला हवं. कोणतं काम, ते ओघात सांगेनच.

आज घरची मंडळी आली आहेत, म्हणून आधी थोडं सांगते. आपण इथे छऱ्यांच्या दोननळी बंदुका बनवतो. मातीच्या तबकड्या हवेत उडवायच्या आणि जमिनीवर पडायच्या आत फोडायच्या, असा एक खेळ आहे, त्या खेळाडूंसाठी. घाबरू नका, या बंदुकांनी आजवर मातीशिवाय कुणाचं काही बिघडवलेलं नाही. आता बंदूक म्हटली तर काय असतं? दोन नळ्या, एक चाप, मागे खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता. इतक्या वर्षांत त्यात फारसं नवं करण्यासारखं उरलेलं नाही. आणि नेमकं म्हणूनच दर वर्षी कुणाला ना कुणाला तरी काहीतरी नवं सुचतं.

ते सुचलेलं सगळ्यात आधी आमच्या खोलीत येतं. मास्तर ते तपासतात आणि मोठ्या जाड वहीत दोनपैकी एक शब्द लिहितात. ‘कामाचं’ किंवा ‘शोभेचं’. तिसरा शब्द नाही. ‘बरं आहे’ नाही, ‘विचार करू’ नाही, ‘साहेबांना आवडलंय’ तर मुळीच नाही. त्यांना मास्तर का म्हणतात, असं मला नव्याने आलेले विचारतात. त्यांनी आयुष्यात कधी शाळेत शिकवलेलं नाही. पण त्यांच्यासमोर काही घेऊन उभं राहिलं की गृहपाठ न केल्यासारखं वाटतं, एवढं मात्र खरं.

जाहिरात विभागाचे प्रमुख हसताहेत. हसा. तुमच्याइतके ‘शोभेचं’ या कारखान्यात कुणाच्या वाट्याला आले नसतील.

तुम्हाला आठवत असेल, एका वर्षी तुम्ही चापाला सोनेरी मुलामा देऊन आणला होता. काय झळकत होता तो! मास्तरांनी बंदूक हातात घेतली, बोट चापावर ठेवलं आणि म्हणाले, याने काय होईल? तुम्ही म्हणालात, मास्तर, माणसाला श्रीमंत वाटेल. मास्तर म्हणाले, ‘बोटाला?’ आणि त्यांनी वही उघडली.

मग नळीच्या टोकाला भोकं पाडायची टूम निघाली. त्या भोकांतून हवा वर जाते आणि खांद्याला बसणारा धक्का निम्म्याने कमी होतो, असं परगावच्या कुठल्याशा माहितीपत्रात छापलं होतं. छापलं होतं म्हटल्यावर आमच्या दस्ता विभागातल्या चौघांना तो कमी झालेला जाणवूही लागला, बंदूक यायच्या आधीच. मास्तरांची एक पद्धत आहे. जी गोष्ट तपासायची ती झाकून टाकायची. त्यांनी दोन सारख्या बंदुका घेतल्या, एकीला भोकं, एकीला नाहीत. दोघींच्या टोकांवर भोकं मोकळी राहतील अशी सारखीच पत्र्याची टोपी चढवली आणि वीस जणांना मारायला लावलं. ओळखा, कोणती? चौदा जणांना ओळखता आलं नाही. सहा जणांनी छातीठोकपणे ओळखलं आणि सहाही जणांनी चुकीची ओळखली. फक्त शेजारी उभ्या असलेल्या माणसाला दर वेळी बरोबर कळायचं, कारण त्याच्या कानठळ्या बसायच्या. तो शेजारी मी होते. वहीत लिहिलं गेलं, ‘शोभेचं. शेजाऱ्याला त्रास.’

आणि ती माशी! घरच्या मंडळींसाठी सांगते, नळीच्या पुढच्या टोकावर एक बारीक मणी असतो, त्याला आम्ही माशी म्हणतो. ही माशी हिरवी चमकणारी करावी, असं एकदा ठरत होतं. नेम चांगला लागेल म्हणे. मास्तरांनी काय करावं? कारखान्यामागच्या आपल्या मैदानावर सरावाला येणाऱ्या आमच्या उत्तमातल्या उत्तम आठ नेमबाजांच्या बंदुकांवरच्या होत्या त्या माश्या कुणाला न सांगता काढून घेतल्या. आठवडाभर ते आठही जण बिनमाशीच्या बंदुकांनी मारत होते. फोडत होते! कुणाच्या लक्षात आलं नाही. शेवटी मैदान सांभाळणाऱ्या मामांना विडी पेटवायची होती, त्यांनी मास्तरांच्या टेबलावरची काडेपेटी उघडली आणि आत आठ माश्या. तबकडीकडे बघायचं सोडून जो माशीकडे बघतो त्याची तबकडी सुटते, हे मास्तर मला तेव्हा म्हणाले. त्या वर्षातलं ते त्यांचं सगळ्यात लांब वाक्य होतं.

दस्त्यात बसवायचा आकडे दाखवणारा डबा, नळीला लावायची नऊ नऊ प्रकारची बदलती तोंडं, पट्ट्यावर कोरलेला गरुड... जाऊ द्या. सगळं सांगत बसले तर प्रमुखसाहेब उठून जातील आणि चहाही त्यांच्याच विभागाकडे आहे.

पण म्हणून मास्तर नुसते नाक मुरडणारे आहेत असं कुणी समजू नका. बंदूक चुकून सुटू नये म्हणून जो खटका असतो, तो आज आपल्या प्रत्येक बंदुकीवर टच्चकन वाजतो. वाजतो ना? तो मास्तरांनी सात वेळा परत पाठवला होता. हातमोजा घातलेल्या अंगठ्याखाली घसरतो, म्हणून एकदा. ओल्या अंगठ्याखाली घसरतो, म्हणून दुसऱ्यांदा. सहाव्यांदा खटका उत्तम बसत होता, पण मास्तर म्हणाले, बसला हे कानाला कळत नाही. माणूस तबकडीकडे बघतोय, त्याने खाली कशाला बघावं? सातव्या खेपेनंतर तो वाजला आणि वहीत ‘कामाचं’ आलं. त्या खटक्याचं कुठल्याही जाहिरातीत नाव नाही. चित्रात तो दिसतही नाही. पण या मैदानावर चुकून बार उडून कधी कुणाला इजा झाली नाही, त्याला कारण तो आहे. हे मी आज सगळ्यांदेखत बोलते, कारण मास्तर ते बोलणार नाहीत आणि जाहिरात विभागाला ते छापता येणार नाही.

आता माझ्या गोष्टीकडे येते. हो, निरोप मास्तरांचा आणि गोष्ट माझी, हे शोभत नाही, मला कळतं. तरी ऐका.

तुम्ही सगळे मला साडेबारा म्हणता. हजेरीपुस्तक सोडलं तर या कारखान्यात मला दुसरं नाव नाही. ते नाव कुठून आलं, हे किती जणांना ठाऊक आहे? माझा पहिला दिवस. मास्तरांनी बंदूक हातात दिली, म्हणाले, लाव खांद्याला. मी लावायला गेले तर दस्त्याचं टोक काखेत अडकलं. ओढून ताणून लावली. मग ती खांद्याऐवजी दंडावर आली. चाप ओढला आणि दंडात कळ अशी गेली की डोळ्यांसमोर काजवे चमकले. मास्तर म्हणाले, काय झालं? मी म्हटलं, काही नाही. नोकरीचा पहिला दिवस, दुसरं काय म्हणणार? त्यांनी माझ्या हाताकडे नुसतं बघितलं, कोपरापासून बोटाच्या पेरापर्यंत, आणि म्हणाले, ‘साडेबारा.’ नंतर मी पट्टी लावून मोजलं. अगदी साडेबारा इंच. दस्ताही साधारण तेवढाच लांब असला तर बंदूक खांद्याला नीट बसते. आणि आपल्या बंदुकीचं प्रमाण माप, चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंत, साडेचौदा. मास्तरांची नजर म्हणजे नजर आहे हो. नाव चिकटलं आणि बंदूक तेवढीच राहिली.

पहिली काही वर्षं मी ऐन उन्हाळ्यात पूर्ण बाह्या घालायचे. आईने एकदा दंड बघितला. निळा-जांभळा झालेला. तिने दार लावलं आणि हळूच विचारलं, ‘खरं सांग, त्या कारखान्यात मारतात का ग तुला?’ म्हटलं, हो आई, बंदूक मारते.

तर मी एक दस्ता केला. दस्ता विभागातल्या सुतारकाकांनी मदत केली, ते समोर बसले आहेत. दोन वर्षं लागली. त्याच्या टोकाला पाव पाव इंचाच्या पातळ पट्ट्या, एकावर एक, दोन स्क्रूंनी धरलेल्या. लांब हाताचा माणूस असेल तर सगळ्या ठेवा. आखूड हाताचा असेल तर हव्या तेवढ्या काढा. एवढंच. अकरा वर्षांपूर्वी मी तो मास्तरांच्या टेबलावर ठेवला आणि शेजारी उभी राहिले.

मास्तरांच्या तपासणीचा नियम असा, की कुठलीही बंदूक आधी प्रमाण मापावर आणायची आणि मगच मारायची. नाहीतर तुलना कशाशी करणार? बरोबरच आहे. मास्तरांनी भिंतीवरचा पितळी गज काढला, साडेचौदा इंचांचा, त्यावर ‘प्रमाण’ असं कोरलेलं आहे. माझा दस्ता त्याला लावला. सगळ्या पट्ट्या आत ठेवल्या की तो बरोबर साडेचौदा भरत होता. मग मास्तर बाहेर गेले, पंचवीस काडतुसं मारली, पंचवीस तबकड्या फोडल्या, परत आले आणि लिहिलं, ‘नेहमीच्या बंदुकीत आणि हिच्यात फरक जाणवला नाही. शोभेचं.’

हसू नका. म्हणजे हसा, पण मला तेव्हा हसू आलं नव्हतं. मी म्हटलं, मास्तर, पट्ट्या काढून बघा ना. ते शांतपणे म्हणाले, काढल्या तर माप चुकतं.

त्यानंतर काय झालं, ते सांगताना मला थोडी लाज वाटते. मैदानावर येऊन गेलेल्या लोकांची पत्रं आपल्याकडे येतात. त्यांतली बरीचशी बायकांची असतात, काही कोवळ्या वयाच्या मुलींची, एक-दोन ठेंगण्या पुरुषांचीही. खेळ फार आवडला, पण हात काळानिळा झाला, परत येणार नाही, काही उपाय आहे का? त्यांना उत्तर द्यायचं काम माझ्याकडे आहे. उत्तर ठरलेलं आहे. ‘आपल्या पत्राबद्दल आभार. सरावाने सवय होईल.’ उपाय माझ्या टेबलाखाली खोक्यात पडलेला असताना अकरा वर्षं मी हे लिहीत आले. कुणाची सवय होणार आहे? माझी तरी झाली का? पण खाली सही माझी आहे, दुसऱ्या कुणाची नाही. आणि त्यांतलं कुणीही परत आलेलं मला आठवत नाही.

काकू, तुमचं एक गुपित फोडते, रागावू नका. तुम्ही खूप वर्षांपूर्वी सहलीच्या दिवशी इथे आला होतात, एकच गोळी... चुकले, एकच काडतूस मारलंत आणि बंदूक खाली ठेवलीत. मास्तर तेव्हापासून सगळ्यांना सांगतात, हिला आवाज सहन होत नाही. मी गेल्या वर्षी घरी आले होते तेव्हा स्वयंपाकघरात तुम्ही मला काय म्हणालात? ‘आवाजाचं काय घेऊन बसलीस ग? मिक्सर मी रोज लावते. दंडाला लागलं होतं माझ्या.’ मी विचारलं, मग सांगितलं का नाहीत? तर म्हणालात, त्यांनी विचारलं नाही.

मास्तर, माझ्याकडे बघू नका, मी नुसतं वाचून दाखवते आहे असं समजा.

आता कुणी म्हणेल, उद्यापासून ती खुर्ची आणि ती वही तुझ्याच हातात येणार आहे, मग लिही ना ‘कामाचं’. नाही लिहिता येत. वहीचा नियम आहे आणि तो मास्तरांनीच घातला आहे. शेरा बदलायचा तर तो ज्याने लिहिला त्यानेच, नोकरीत असताना, पुन्हा तपासून. तो माणूस निवृत्त झाला की शेरा कायम. मागाहून आलेल्याच्या मागे लागून कुणी सोनेरी चाप परत आणू नये, म्हणून हा नियम. फार शहाणा नियम आहे. जाहिरात विभागाकडे बघितलं की मला तो दर वेळी पटतो. पण त्याचा अर्थ एवढाच, की आज पाचचा भोंगा वाजला की मास्तर घरी जातील आणि माझ्या पट्ट्या कायमच्या शोभेच्या होतील. ती पत्रं येतच राहतील आणि मी तेच उत्तर लिहीत राहीन.

मी याआधी तीनदा मास्तरांकडे गेले. तिन्ही वेळा त्यांनी विचारलं, नवं कारण काय? पुन्हा तपासायला नवं कारण लागतं. माझ्याकडे नव्हतं. माझा दंड दुखतो हे कारण जुनं होतं.

आज आहे. ते मला शिंप्याने दिलं.

मास्तरांना निरोपाचा कोट शिवायचा आम्ही ठरवलं. तो आज त्यांच्या अंगावर आहे, छान बसलाय. तीन आठवड्यांपूर्वी शिंपी माप घ्यायला खोलीत आला होता. मास्तर हात वाकवून उभे होते, तो आकडे सांगत होता आणि मी चिठ्ठीवर लिहीत होते. छाती इतकी, खांदा इतका. आणि मग कोपरापासून बोटाच्या पेरापर्यंत... शिंप्याला खरं तर त्या मापाची गरजच नव्हती. मीच म्हटलं, तेही घ्या हो, असू दे. कशी बुद्धी झाली कोण जाणे. तो म्हणाला, साडेचौदा.

मी पेन्सिल तशीच धरून बसले. मग ती चिठ्ठी घेऊन भांडारातल्या आजोबांकडे गेले. ते आपल्याकडचे सगळ्यात जुने, ते तिथे खांबाजवळ बसले आहेत. म्हटलं, आजोबा, आपलं प्रमाण माप कुठून आलं? मी समजत होते, कुठल्यातरी ग्रंथातून आलं असेल, कुणा मोठ्या तज्ज्ञाने काढलं असेल. आजोबा म्हणाले, ‘ग्रंथ कसला घेऊन बसलीस? कारखाना नवा होता. दस्ता किती लांब कापायचा, ते सुतार विचारत होता. मोठ्या साहेबांचे वडील म्हणाले, कुणाला तरी धरायला लावा. मास्तर त्याच आठवड्यात लागले होते, दारातून जात होते. म्हटलं, या इकडे, धरा बंदूक. त्यांना बरी वाटली तिथे करवत लावली. मास्तर आपल्या कामाला गेले. मागाहून तेवढाच एक पितळी गज करून घेतला, ते त्यांना कुणी सांगितलं नाही.’

म्हणजे मास्तर, सदतीस वर्षं या कारखान्यातली प्रत्येक बंदूक तुम्ही त्या गजाला लावून बघितलीत. दर वेळी ती बरोबर आहे की नाही ते डोळ्यांत तेल घालून बघितलंत. आणि तो गज म्हणजे तुमचाच हात होता. तुम्हाला हे ठाऊक नव्हतं, याची मला खात्री आहे. ठाऊक असतं तर तुम्ही तो भिंतीवर ठेवलाच नसता.

ही चिठ्ठी मी तीन आठवडे पर्समध्ये घेऊन फिरते आहे. कितीदा तरी तुमच्या टेबलापर्यंत आले आणि काहीतरी भलतंच विचारून परत गेले. तुम्हाला वाईट वाटेल ही भीती होतीच. पण त्याहून मोठी भीती ही, की तुम्ही चिठ्ठी वाचाल, परत द्याल आणि ‘शोभेचं’ म्हणाल. मग मी काय करणार होते? म्हणून भर सभेत बोलते आहे. भित्र्या माणसाला माइक मिळाला की असंच होतं. मास्तर, नवं कारण आणलंय. चार पस्तीस झालेत. बंदूक या टेबलाखाली खोक्यात आहे. माझी विनंती एवढीच आहे.

मास्तर उठले. अहो, बसा ना, एवढी घाई... बरं, बरं. चिठ्ठी? ही घ्या.

मागच्यांना दिसत नसेल म्हणून सांगते, मास्तर चिठ्ठी वाचताहेत. आता त्यांनी कोटाची बाही वर केली आणि स्वतःचा हात वाकवून बघताहेत. आजोबा, ते तुम्हाला विचारताहेत, खरं का? आजोबा मान हलवताहेत. हो, खरं.

मास्तर म्हणताहेत, बंदूक काढ. काढते. ही बघा. मास्तर, जाता ना मैदानावर? काय? मोठ्याने बोला हो, मागे ऐकू जात नाही. मास्तर म्हणताहेत, मी मारून काय उपयोग, माझा हात आजही साडेचौदाच आहे. हे मात्र खरंच. मग मी मारू? म्हणतात, नाही, बनवणाऱ्याने स्वतःचं तपासायचं नाही. नियम आहे. आहे बाबा, नियम आहे. मग?

काकू, ते तुम्हाला बोलावताहेत.

हो, तुम्हालाच. पर्स द्या माझ्याकडे. मास्तर स्वतः स्क्रू काढताहेत बरं का. काकूंचा हात बघितला त्यांनी. म्हणताहेत, बारा. म्हणजे मी आता या कारखान्यात ठेंगणी राहिले नाही. मामा, तुम्हीही चला, तबकड्या सोडायला माणूस लागेल. कानाला लावायचं विसरू नका, काकूंना आवाज सहन होत नाही म्हणे!

मैदान या भिंतीच्या मागेच आहे, आपल्याला सगळं ऐकू येईल. मोठे साहेब, तुमची परवानगी न विचारता सत्कारमूर्तींना बाहेर पाठवलं, क्षमा असावी. साहेब हात जोडताहेत. परवानगी दिली असं मी धरते. तोपर्यंत आभार उरकून घेते. हॉल सजवणाऱ्या पॅकिंग विभागाचे आभार. माइक दोनदा बंद पडला तरी तिसऱ्यांदा चालू करणाऱ्यांचे आभार. कोट शिवणाऱ्या शिंप्याचे किती आभार मानू, ते मला समजत नाही. सुतारकाका, तुम्ही अकरा वर्षांत एकदाही मला ‘जाऊ दे आता’ म्हणाला नाहीत, तुमचे...

ऐकलंत? पहिला बार. मामा काय ओरडले? ‘गेली.’ म्हणजे सुटली तबकडी. असू दे, पहिलीच होती.

दुसरा. ‘गेली.’

जाहिरात विभागाचे प्रमुख, तुम्ही नखं खाऊ नका, मलाही खावीशी वाटतात.

तिसरा... ‘फुटली!’ मामांनी ‘फुटली’ म्हटलं ना? तुम्ही सगळ्यांनी ऐकलंत ना? टाळ्या थांबवा हो, पुढचं ऐकू येत नाही. ‘गेली.’ ‘फुटली!’ ही दुसरी. पाच झाले. आता शांत झालं.

येताहेत. अंगणातूनच बोलत येताहेत, मी दारापाशी जाऊन ऐकते. तार पुरते माइकची. मास्तर विचारताहेत, दंडाला लागलं? काकू म्हणताहेत, नाही. मास्तर म्हणताहेत, खरं सांग, वहीत लिहायचं आहे. काकू म्हणताहेत, ‘अहो, खरंच नाही. पाचच का दिलीत? अजून आहेत का?’

मास्तर, वही इथे आहे. हो, मी आणून ठेवली होती, एवढी आगाऊ आहे मी. पेन? हे घ्या.

चार बावन्न. मास्तर लिहिताहेत. कुणी बोलू नका.

झालं. मास्तर म्हणतात, वाच. मी वाचते. ‘तपासणी दुसऱ्यांदा. मारणाऱ्याचं माप बारा इंच. पट्ट्या: कामाचं.’

थांबा, अजून आहे. ‘पट्ट्यांचा निळा रंग: शोभेचं.’ मास्तर, तो रंग माझा हट्ट होता, कबूल आहे. काढून टाकते.

आणखी एक रकाना आहे. ‘उशीर झाल्यास कारण’ असा. आजवर तो कधी कुणी भरलेला मी बघितलेला नाही. मास्तर, हे नाही वाचत मी. वाचू? वहीत आहे ते सगळं वाचायचं, म्हणताहेत.

‘उशीर अकरा वर्षं. कारण: मी.’ खाली सही आणि आजची तारीख.

मास्तर, तुम्ही बसा. आता एकच सांगते. ती जी पत्रं आली होती ती सगळी मी फाइलला लावून ठेवली आहेत. उद्या सकाळी पहिलं काम, त्या प्रत्येक पत्राला नवं उत्तर जाईल, आणि त्यात सवयीचा शब्द नसेल.

अध्यक्ष महोदय, मान्यवर आणि माझ्या सहकाऱ्यांनो, मला दिलेल्या पाच मिनिटांची मी बेचाळीस केली. सभेचे शिष्टाचार मोडले, वडीलधाऱ्या माणसाला भर सभेत उठवलं, काकूंचा चहा गार झाला. रागावून कुणी काही बोलणार असेल तर मी ऐकून घेईन, पण आज सगळं पोटात घाला एवढी विनंती. तुम्ही इतका वेळ माझं ऐकलंत, मी मनापासून आभारी आहे.